व्हिसलरला गर्दीच्या शनिवारी रिकामे उतार कसे शोधायचे

सिंहगडावर रविवारी गेलाय का कधी? गाडीतळापासून पुणे दरवाजापर्यंत मुंगीला पाय ठेवायला जागा नसते, पिठलं-भाकरीवाल्यांपुढे झुंबड, ताकवाल्या मावशींना मान वर करायला वेळ नाही, आणि त्याच वेळी कल्याण दरवाजाकडे जाऊन बसलात तर सोबतीला फक्त वारा. किल्ला तोच, वार तोच. मी पुण्याचा, नऊ वर्षं झाली व्हँकुव्हरजवळ बर्नाबीत राहतोय, आणि तरी तिथून जवळच्या व्हिसलर या स्की रिसॉर्टला स्कीइंगला जायला लागल्यावर हे साधं गणित माझ्या डोक्यात शिरायला दोन हिवाळे लागले.

पहिल्या वर्षी फेब्रुवारीतल्या फॅमिली डेच्या लाँग वीकेंडला गेलो होतो. गावातून वर नेणाऱ्या व्हिलेज गोंडोलाच्या (बंद डब्यांचा रोपवे) रांगेत पाऊण तास, वर राउंडहाउस या खानावळीपाशी उतरलो तर समोरच एमराल्ड लिफ्ट, म्हणजे तारेवरून वर नेणाऱ्या खुर्च्या, तिथे परत वीस मिनिटं, आणि मग रनवर, म्हणजे घसरत उतरायच्या पट्ट्यावर, इतकी माणसं की हे स्कीइंग चाललंय का धनत्रयोदशीला लक्ष्मी रोड. मुलगी तेव्हा सहा वर्षांची, ती बिचारी कुणी मागून अंगावर येईल म्हणून दर चार वळणांनी थांबून मागे बघायची. दिवसभरात चार रन झाले. तिकिटाचे पैसे भागिले चार हा हिशोब बायकोने परतीच्या वाटेवर गाडीत मोठ्याने केला, त्यावर मी गप्प.

आता आम्ही त्याच वीकेंडला जातो आणि बारा-पंधरा रन मारतो, त्यातल्या निम्म्या रन्सवर आजूबाजूला पाच-सहाच माणसं असतात. व्हिसलर आणि ब्लॅककोम हे शेजारचे दोन डोंगर मिळून ८,१७१ एकर आहे, दोनशेच्या वर रन्स आहेत, उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या स्की रिसॉर्टपैकी एक. एवढ्या जागेत गर्दी होते कारण सगळे त्याच चार-पाच लिफ्टवर चढतात. म्हणून पहिली गोष्ट, ट्रेल मॅप उघडला की रन्सची नावं वाचत बसू नका. फक्त लिफ्टच्या रेषा बघा आणि स्वतःला विचारा, सकाळी दहाला गोंडोलातून उतरलेला माणूस, ज्याला काहीच माहीत नाही, तो समोरची कुठली लिफ्ट पकडेल? ती तुम्ही पकडायची नाही. व्हिसलरला ती एमराल्ड आणि बिग रेड, ब्लॅककोमला जर्सी क्रीम. जिथे गोंडोला सोडतो, जिथे मोठं हॉटेल आहे आणि जिथे ऊन पडलंय, या तीन ठिकाणी माणूस आपोआप साचतो. या तिन्हीपासून एक लिफ्ट लांब गेलात की अर्धं काम झालं, दोन लिफ्ट लांब गेलात की शांत.

दुसरी गोष्ट थोडी उलटी वाटेल. वेगवान सहा सीटर लिफ्ट सगळ्यांना आवडते, रांग भराभर सरकते, पाच-सात मिनिटांत वर. पण ती तितक्याच वेगाने माणसं रनवर ओततेही ना! या वेगवान लिफ्टची खुर्ची स्टेशनात आली की तारेपासून सुटते, सावकाश फिरते, आपल्याला उचलते आणि मग परत पळत्या तारेला धरते, म्हणून तार सेकंदाला पाच मीटरच्या आसपास पळू शकते. जुन्या लिफ्टमध्ये खुर्ची तारेला कायमची आवळलेली, त्यामुळे सगळी तारच निम्म्या वेगाने चालवावी लागते, नाहीतर बसताना माणूस आपटेल. मग होतं काय, की सावकाश लिफ्टवर बरीचशी जनता हवेत लटकलेली असते आणि तेवढा खालचा रन मोकळा राहतो. व्हिसलरच्या बाजूला फ्रान्झ चेअर अशी आहे. लोक तिला नावं ठेवतात, किती हळू किती हळू म्हणतात, मी म्हणतो ठेवा नावं, येऊ नका. ती चालू दिसली की आम्ही जातोच, दहा मिनिटं खुर्चीवर पाय हलवत गप्पा मारायच्या, पाय पण विसावतात, आणि खाली उतरताना अख्खा पट्टा आपला.

आता वेळेचं. लिफ्ट साडेआठला सुरू होतात. डिसेंबर-जानेवारीत दुपारी तीनलाच बंद, पुढे दिवस मोठा होतो तशी वेळ वाढत जाते. व्हँकुव्हरहून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, म्हणून लोक सात वाजता आरामात निघतात, साडेनऊला पार्किंग शोधतात आणि पावणेदहाला रांगेत उभे. खालच्या रांगा सगळ्यात वाईट असतात त्या या वेळेला. तुम्ही नऊला वर असलात तर पहिल्या तासात उलट करायचं, म्हणजे जे रन दिवसभर भरलेले असणारेत तेच आधी मारायचे. एमराल्डखालचा इगो बोल सव्वानऊला बघा आणि साडेअकराला बघा, विश्वास बसणार नाही हा तोच रन आहे. रात्री मशीन फिरवून ग्रूम केलेला असतो, बर्फावर कॉर्डरॉय कापडासारख्या बारीक रेघा उमटलेल्या असतात, त्यावर पहिलं वळण घेतलं की स्कीखालून रवा चाळल्यासारखा बारीक खरखर आवाज येतो. साडेदहाला त्या रेघांचा मागमूस नसतो, सगळं खरवडून मध्ये बर्फाची काच आणि कडेला ढीग. तेव्हा दहा वाजले की तिथून निघायचं आणि कडेकडेच्या लिफ्टकडे सरकायचं.

जेवण पावणेअकराला नाहीतर पावणेदोनला. हे ऐकायला फालतू वाटतं पण सगळ्यात जास्त फायदा याचाच होतो. साडेअकरा ते एक राउंडहाउस आणि ब्लॅककोमवरची खानावळ रान्देव्हू दोन्हीकडे ट्रे हातात घेऊन लोक टेबल शोधत असतात, आणि त्याच दीड तासात वरच्या लिफ्टच्या रांगा उतरतात. आम्ही तर आता जेवायला आत जातच नाही, खिशात खायला नेतो. त्यातही एक अनुभव सांगून ठेवतो, चिक्की नेऊ नका, उणे बारामध्ये तिचा दगड होतो, माझ्या मित्राची दाढेतली कॅप तिथेच निघाली. बेसन लाडूचं तूप गोठतं पण आतल्या खिशात अंगाजवळ ठेवला तर बरा राहतो. दाण्याचा लाडू सगळ्यात उत्तम.

एकेरी रांग म्हणजे सिंगल्स लाइन वापरा. लालबागला नवसाची रांग आणि मुखदर्शनाची रांग यात जेवढा फरक तेवढाच इथे. सहाच्या खुर्चीत चारजण बसले की उरलेल्या जागा भरायला या रांगेतली माणसं घेतात, म्हणून ती पळते. चार मोठी माणसं असाल तर एकत्र बसायचा हट्ट सोडा, वर भेटू म्हणायचं. लहान मुलं असतील तर एकाने मुलांबरोबर मोठ्या रांगेत थांबायचं आणि दुसऱ्याने तेवढ्यात एक जादा रन मारून यायचं, मग अदलाबदल. (आमच्याकडे ही अदलाबदल दुपारनंतर विसरली जाते, कोणाकडून ते लिहीत नाही.)

आता खरोखर कुठे जायचं ते. नकाशावर हिरवा रन म्हणजे सोपा, निळा चौकोन म्हणजे मध्यम आणि काळा डायमंड म्हणजे अवघड. मी निळे चौकोन आणि सोपे काळे डायमंड मारणारा माणूस आहे, चौतीसाव्या वर्षी शिकलो, त्यामुळे कड्यावरून उड्या मारायच्या जागा मला विचारू नका.

माझी सगळ्यात आवडती बाजू ब्लॅककोमची क्रिस्टल रिज. गावातून एक्सकॅलिबर गोंडोला घ्यायचा, वर उतरलं की एक्सेलरेटर आणि क्रिस्टल रिज या दोन लिफ्ट जवळ आहेत, बहुतेक जनता एक्सेलरेटर पकडून मुख्य गर्दीकडे जाते, तुम्ही क्रिस्टल रिज पकडा. २०१३ मध्ये व्हिसलरवरची हार्मनी लिफ्ट सहा सीटर केली तेव्हा तिथली जुनी चार सीटर उचलून इथे बसवली आणि तळ खाली आणला, त्याआधी इथे यायचं म्हणजे वळसा होता. तरी लोकांच्या डोक्यातून तो वळसा अजून गेलेला नाही असं मला वाटतं, कारण शनिवारी सुद्धा इथे रांग क्वचित लागते. रिज रनर, रॉक अँड रोल, ट्विस्ट अँड शाउट असे लांबलचक निळे रन आहेत, दोन्ही बाजूंना झाडं, त्यामुळे ढग खाली आले तरी दिसतं. लिफ्टच्या माथ्याजवळ क्रिस्टल हट आहे, तिथल्या वॅफलचा वास लिफ्टवरूनच येतो, त्यामुळे हट मात्र भरलेली असते, रन रिकामे. आम्ही सकाळी दहा ते बारा इथेच असतो. एकदा जानेवारीतल्या शनिवारी रिज रनरवर मी, बायको आणि मुलगी तिघं एका ओळीत उतरलो आणि वरपासून लिफ्टपर्यंत मोजून चार माणसं भेटली, त्यातला एक झाडाखाली थांबून फोनवर बोलत होता.

व्हिसलरच्या बाजूला सिंफनी. ही लिफ्ट २००६ च्या डिसेंबरात आली, त्याआधी तो सगळा भाग चालत जाणाऱ्यांचा होता. अजूनही थोडा तसाच आहे, कारण तिथे पोचायला हार्मनीच्या माथ्यावरून बर्न्ट स्ट्यू नावाची लांब वाट धरावी लागते आणि तिच्यात सपाट तुकडे आहेत. सपाट तुकडा म्हणजे गर्दीची चाळणी! स्नोबोर्डवाल्यांना तिथे एक पाय सोडवून ढकलत जावं लागतं म्हणून ते टाळतात, नवखे दमतात, आणि पलीकडे गेलात की वाटीसारखी मोकळी पांढरी दरी. नावाची गंमत म्हणजे पूर्वी इथे भटकायला आलेल्या मंडळींचा चुलीवरचा स्ट्यू करपला होता, तेच नाव वाटेला पडलं, म्हणजे आपल्याकडे करपलेल्या आमटीची पायवाट म्हणतील तसं. इथे यायचं तर दोन गोष्टी. सपाट यायच्या आधी वेग सोडू नका, जिथे सगळे थांबून फोटो काढतात तिथे तुम्ही थांबलात की पुढे दोनशे मीटर काठ्या मारत जायचंय. आणि सिंफनी बाकीच्या लिफ्टच्या आधी बंद होते, परतीची वाट लांब आहे, म्हणून दोनच्या सुमारास तिथून निघायच्या तयारीत असा. आकाश मोकळं असेल त्याच दिवशी जा. आम्ही एकदा ढग असताना गेलो, वर खाली सगळं एकाच रंगाचं, उतार आहे का चढ आहे तेच कळेना, मी उभ्याउभ्या पडलो, अक्षरशः थांबलेला असताना, कारण मेंदूला वाटत होतं मी चाललोय.

धुक्याच्या दिवशी त्यापेक्षा गार्बान्झो. गावातून फिट्झसिमन्स ही आठ सीटर लिफ्ट आणि तिच्यावर गार्बान्झो, असे गोंडोलाच्या रांगेला वळसा घालून वर जाता येतं. मधला डोंगर सगळा झाडीचा, झाडांच्या गडद रेघांमुळे उतार कळतो. अशा दिवशी निम्मे लोक कॉफी घेऊन खिडकीतून बाहेर बघत असतात. फक्त जोराचा वारा असेल तर सावध, कारण पीक, हार्मनी, सेव्हन्थ हेवन या वरच्या लिफ्ट वाऱ्याने बंद ठेवल्या की ती सगळी जनता खाली याच मधल्या भागात येते आणि मग गार्बान्झोला पण जत्रा.

सेव्हन्थ हेवन दक्षिणेकडे तोंड करून आहे, म्हणजे ऊन, म्हणजे कडक थंडीत सगळ्यांना दुपारी तिथेच जायचं असतं. नावाप्रमाणे आहे यात वाद नाही, पण ती शेवटच्या तासासाठी ठेवा, किंवा ढगाळ पण दिसेल अशा दिवशी जा. क्लाउड नाइन हा रुंद निळा रन आहे, नवख्यांना पण जमेल.

आणि पाय चांगले असतील तर ब्लॅककोम ग्लेशियर. शोकेस नावाची टी-बार, म्हणजे बसायची लिफ्ट नाही, कमरेमागे दांडा धरून उभ्याउभ्या ओढत नेते ती, ती अजून चालू आहे का ते आधी विचारून घ्या, असेल तर तिच्या माथ्यावरून स्की हातात घेऊन थोडंसं चढायचं. बस, एवढं चढणंच बहुतेकांना नको असतं. पलीकडे वाऱ्याने घडवलेली बर्फाची कड आहे, तिच्यावरून आत उतरताना पहिली चार वळणं पोटात गोळा येतो, मग रुंद हिमनदी, इतकी शांत की स्वतःच्या हेल्मेटच्या पट्ट्याची टिकटिक ऐकू येते. नकाशावर निळा चौकोन आहे पण माझ्या मते ताठ निळा. शेवटी जंगलातली लांब रस्त्यासारखी वाट आहे, मांड्या पेटतात, ती एक्सेलरेटरकडे आणून सोडते. यासाठी एक तास धरा आणि दुपारी एकच्या नंतर सुरुवात करू नका.

दोन डोंगरांमध्ये जायला पीक टू पीक गोंडोला आहे, ४.४ किलोमीटर, अकरा मिनिटं, खाली दरी सर्वात खोल जागी ४३६ मीटर. पाहुण्यांना दाखवायला झकास. पण गर्दी टाळायचा उपाय म्हणून दिवसात तीन-तीनदा इकडून तिकडे पळू नका, वेळ त्यातच जातो. सकाळी एक डोंगर, जेवणाच्या वेळेला ओलांडायचा, दुपारी दुसरा. माय एपिक या रिसॉर्टच्या ॲपमध्ये लिफ्टवर किती मिनिटांची रांग आहे ते दिसतं आणि वर ठिकठिकाणी पाट्यांवर पण दिवे असतात, पण त्यात एक मेख आहे, जी लिफ्ट पाच मिनिटं दाखवते तिकडे सगळेच वळतात आणि तुम्ही पोचेपर्यंत पंधरा झालेली असतात. म्हणून मी ॲप वापरतो ते कुठे जाऊ नये हे बघायला. त्यापेक्षा सकाळी ग्रूमिंग रिपोर्ट बघा, काल रात्री कुठले रन मशीनने सारखे केलेत ते. कडेच्या लिफ्टवरचा ताजा ग्रूम केलेला निळा रन दिसला की दिवसाचा प्लॅन तिथून सुरू.

खरं सांगायचं तर याहून मोठी युक्ती म्हणजे थोडं बरं स्कीइंग शिकणं. गर्दी असते ती सपाट केलेल्या रन्सवर. ज्या निळ्या रनवर मशीन फिरलेलं नाही, दुपारपर्यंत उंचवटे तयार झालेत, तो बघून दहातले आठ जण वळतात. त्या उंचवट्यांमधून सावकाश, आडवं घसरत का होईना, उतरता आलं की तुमच्यासाठी डोंगर एकदम दुप्पट होतो. मी एक हिवाळा पूर्ण यावर घालवला, एक दिवसाचा धडा पण घेतला, आणि त्याचा उपयोग ॲपपेक्षा कितीतरी जास्त झाला.

बर्फ भरपूर पडला की काय करायचं? रात्री तीस सेंटीमीटर पडला आणि दुसऱ्या दिवशी शनिवार असेल तर मी सरळ सांगतो, त्या दिवशी शांतता विसरा. पण तेव्हाही एक फट असते. वरच्या लिफ्ट हिमकड्यांचा धोका काढून होईपर्यंत उघडत नाहीत, आणि पीक किंवा हार्मनी आता उघडेल मग उघडेल म्हणून लोक तासतासभर त्याच्या तळाशी उभे असतात. तेवढा तासभर मधल्या लिफ्टवर बर्फ तोच आणि माणसं कमी. पीक उघडली की तो लोंढा तिकडे जातो, मग आणखीनच मोकळं.

आणखी एक दिवस लोक वाया घालवतात, तो म्हणजे गावात पाऊस. व्हिसलर समुद्राजवळ आहे, गाव ६७५ मीटरवर आणि पीक म्हणजे शिखर २,१८२ मीटरवर, म्हणून खाली पावसाची रिपरिप आणि वर झकास बर्फ असं नेहमी होतं. व्हँकुव्हरला सकाळी उठून खिडकीबाहेर पाऊस बघितला की लोक परत झोपतात. तुम्ही हवामानात पावसाऐवजी बर्फ कुठल्या उंचीपासून पडतोय तेवढं बघा, बाराशे-तेराशे मीटरच्या खाली असेल तर निघा. मुंबई-पुण्याच्या माणसाने पावसाला घाबरायचं म्हणजे काय! जाकीट मात्र खरोखर पाणी न शिरणारं हवं, आणि हातमोज्यांची दुसरी जोडी.

तारखांचं पटकन सांगतो. टाळायच्या तारखा म्हणजे नाताळ ते एक जानेवारी, जानेवारीतला अमेरिकेच्या सुट्टीचा मार्टिन ल्यूथर किंग वीकेंड, आणि फेब्रुवारीतला तिसरा सोमवार, कारण त्या दिवशी बीसीचा (ब्रिटिश कोलंबिया, आमचा प्रांत) फॅमिली डे आणि अमेरिकेचा प्रेसिडेंट्स डे एकत्र येतात, म्हणजे व्हँकुव्हर आणि सिॲटल दोन्ही शहरं एकाच वेळी डोंगरावर. जमत असेल तर मंगळवार-बुधवार, नाताळच्या आधीचा आठवडा, किंवा सरळ एप्रिल. रविवार शनिवारपेक्षा बरा, कारण सी टू स्काय हायवेच्या (व्हँकुव्हर-व्हिसलर रस्ता) ट्रॅफिकला घाबरून लोक दोनलाच निघतात, तुम्ही शेवटच्या लिफ्टपर्यंत थांबा आणि मग गावात निवांत जेवून सातला निघा, घरी जवळपास त्याच वेळेला पोचता. आणि हो, १ ऑक्टोबर ते ३१ मार्च त्या रस्त्यावर विंटर टायर सक्तीचे आहेत, सिॲटलहून भाड्याची गाडी घेऊन येणाऱ्यांनी टायरवरची खूण आधी तपासा.

शांत रन्सचा एक तोटा आहे तो लपवत नाही. तुम्ही पडलात तर बघायला कुणी नसतं. म्हणून एकट्याने झाडीत शिरू नका. मोठ्या झाडाच्या बुंध्याभोवती फांद्यांखाली बर्फ भुसभुशीत राहतो, वरून दिसत नाही, त्यात माणूस डोक्यावर उलटा पडला की स्वतःहून निघणं जवळजवळ अशक्य, आणि खोल ताज्या बर्फाच्या दिवशी हे पाच फुटांवर जोडीदार असताना सुद्धा होऊ शकतं. गळ्यात शिटी ठेवा. दोरी बांधलेली असेल तर तिच्या पलीकडे किती सुंदर आणि किती रिकामं दिसतंय हे बघून परत फिरा, ते रिकामं आहे कारण बंद आहे. नकाशावर स्की पेट्रोलचा, म्हणजे डोंगरावरच्या मदत पथकाचा, नंबर छापलेला असतो, तो घरून निघतानाच फोनमध्ये टाका, थंडीत बॅटरी चाळीस टक्क्यांवरून एकदम शून्यावर येते म्हणून फोन आतल्या खिशात, लाडवाशेजारी. आणि रिकामा रन दिसला म्हणून भन्नाट सुटू नका, खालच्या माणसाचा हक्क पहिला, आणि दोन रन मिळतात तिथे आत शिरणाऱ्याने आधी वर बघून थांबायचं असतं.

राहिली संध्याकाळ. दिवसभर पसरलेले सगळे लोक तीनला एकाच वेळी गावाकडे उतरतात आणि खालचे हिरवे-निळे रन्स म्हणजे दादर स्टेशनचा पूल होतो, दमलेले पाय, खरवडलेला बर्फ, रडणारी पोरं. बहुतेक अपघात मी याच पट्ट्यात बघितलेत. दोन उपाय. एक, लाज न बाळगता गोंडोलाने खाली या, माझे सासरे त्याला लिफ्टने उतरणारा गिर्यारोहक म्हणतात, म्हणू दे. दोन, क्रीकसाइडला उतरा.

क्रीकसाइड म्हणजे व्हिसलरचा मूळ पायथा. १९६६ मध्ये डोंगर सुरू झाला तेव्हा सगळे इथूनच चढायचे. आजचं चकाचक व्हिलेज आहे तिथे तेव्हा गावाचा कचरा डेपो होता! सकाळी उशिरा पोचलात तर इथल्या गोंडोलाची रांग गावापेक्षा जवळजवळ नेहमी लहान असते. आणि दुपारी इथे उतरायला पीक टू क्रीक हा जवळजवळ अकरा किलोमीटरचा रन आहे, पीकच्या मागच्या अंगाने सुरू होतो आणि जंगलातून वळत वळत पार पायथ्यापर्यंत. पीक लिफ्ट बंद व्हायच्या अर्धा तास आधी वर पोचायचं, पहिला ताठ भाग उतरायचा आणि मग थांबत थांबत जायचं, अर्धा तास सहज लागतो. मागच्या मार्चमध्ये आम्ही तिघं निघालो तेव्हा उन्हं तिरपी झाली होती, झाडांच्या सावल्या रनवर आडव्या पडलेल्या, मुलगी पुढे, आता तीच थांबून मागे बघते, पण आम्ही किती हळू येतोय ते बघायला. फक्त खालचा बर्फ आधी विचारून घ्या, मार्चअखेरीस किंवा पावसानंतर शेवटच्या भागात दगड वर येतात, माझ्या स्कीच्या तळाला नखभर खोल चरा आहे तो तिथलाच. तसं असेल तर हा रन सोडून क्रीकसाइड गोंडोलाच्या माथ्याकडे जा आणि त्याने खाली या.

डेव्ह मरे डाउनहिल हा रन पण इथेच उतरतो, २०१० च्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांची डाउनहिल शर्यत याच उतारावर झाली. ते लोक दोन मिनिटांच्या आत खाली आले, मला फोटोसाठी थांबणं धरून पंचवीस लागतात.

गाडी व्हिलेजला असेल तर क्रीकसाइडहून बस आहे, स्की हातात, बूट पायात, ठाकठूक करत स्टॉपवर जायचं. ती बस मात्र साडेचारला खच्चून भरलेली असते आणि त्यावर माझ्याकडे अजून काही युक्ती नाही, कुणाला सापडली असेल तर सांगा.